साहेबांच्या फोटोमागचा सोलर

मी एक जुना सोलर आहे. कागदोपत्री माझं नाव 'सौर पॅनेल, नग एक' असं आहे, पण जांभूळमाळ वाडीत त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. गगनबावडा तालुक्यातल्या या वाडीच्या आरोग्य उपकेंद्रावर, स्लॅबवरच्या लोखंडी सांगाड्याला आवळलेला, मी दहा वर्षं उभा आहे. मित्रांनो, ज्याचं पोट उन्हावर भरतं त्याला चार-चार महिने ऊन न दिसणाऱ्या मुलखात पाठवलं, म्हणून मी आधी सरकारवर चिडलो होतो. पहिल्याच पावसाळ्यात माझा राग गेला. इथं झाड पडलं की तारा तुटतात आणि वाडीची लाईट दोन-दोन दिवस येत नाही. ढगाळ उजेडातून मी जे काही थोडंफार मिळवतो, त्याचीच इथं गरज होती.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं सांगण्यासारखं काही नाही, कारण आम्हा सगळ्या पॅनेलांचं बालपण अगदी सारखं असतं. मला खरी आठवते ती माझ्या उद्घाटनाची सकाळ. फीत कापली, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली आणि तिनं माझ्या काचेवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. बसवायला आलेला इंजिनिअर ओरडला, "आजी, काचेला काही लावू नका!"

"नवी वस्तू हाय, पावणं. कुंकू लावल्याबिगर चालू करत्यात व्हय?" म्हातारी म्हणाली.

ती बयाबाई. इंजिनिअरनं रुमालानं कुंकू पुसलं आणि सरपंचांना सांगितलं, "पाच वर्षं याची जबाबदारी आमची." त्यानंतर कुणाची, हे त्याला कुणी विचारलं नाही.

माझ्या खाली, खोलीच्या कोपऱ्यात, एक बॅटरी आहे. ती फक्त माझ्यावर भरते. लाईट गेली की तिच्यावर एक दिवा चालतो आणि वाफेचं मशीन चालतं. दमेकऱ्याच्या तोंडावर मास्क लावून औषधाची वाफ देणारं ते छोटं यंत्र. बयाबाईनं चाळीस वर्षं चुलीत ओली लाकडं फुंकली होती. तिच्या छातीतून सतत शिट्टी वाजायची. पावसाळ्यात ती रोज यायची, बाकावर बसून वाफ घ्यायची आणि जाताना अंगणातून वर बघून मला विचारायची, "भरलं का रं पोट, सोलरबाबा?" दहा वर्षांत माझी विचारपूस करणारं ते एकच माणूस. मला ती फार आवडायची.

पाच वर्षं सरली आणि इंजिनिअरचं येणं थांबलं. माझ्या कडेनं शेवाळ धरलं. बॅटरी म्हातारी झाली, पूर्वी दोन दिवस पुरायची ती एका दिवसात दमू लागली. उचगावहून बदलून आलेल्या क्रांती नर्सबाईंनी तालुक्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की नवीन सोलर देण्याची योजना आहे, जुन्याच्या दुरुस्तीची नाही. मग त्या स्वतःच महिन्यातून एकदा शिडी लावून वर यायच्या आणि ओल्या फडक्यानं मला पुसायच्या. ती शिडी बयाबाईच्या मुलाची, कृष्णातची. उपकेंद्राला लागूनच त्यांचं घर. चाळिशीचा, अंगानं दणकट, आईवर जीव टाकणारा हा माणूस. त्याच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण पुढचं सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

गेल्या पावसाळ्यात बातमी आली की सरकारनं जांभूळमाळ 'सौरवाडी' म्हणून निवडली. घरटी एक सोलर मिळणार होता आणि ते जाहीर करायला भागातले पुढारी, म्हणजे आमचे साहेब, येणार होते. आपले भाऊबंद येणार म्हणून मीही हरखलो. मग डिजिटल आला.

मित्रांनो, कोल्हापूरकडे फ्लेक्सच्या फलकाला डिजिटल म्हणतात. वाढदिवस असो, निवड असो, कुणाची म्हैस स्पर्धेत पहिली आलेली असो, डिजिटल लागतोच. आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा, हा इथला नियम. दुसऱ्यानं हात लावला की भावकीत डोकी फुटतात. या डिजिटलवर साहेबांचा हात जोडलेला मोठा फोटो होता. वर लिहिलं होतं, 'सूर्याला वाडीत आणणाऱ्या साहेबांचे जाहीर आभार!' खाली शुभेच्छुकांचे पाच छोटे फोटो, आणि त्यातला तिसरा कृष्णातचा, दुसऱ्याचा गॉगल घालून काढलेला.

वाऱ्यात टिकेल असा खांब वाडीत नव्हता. रस्त्यावरून आणि एसटीच्या थांब्यावरच्या पिकअप शेडमधून सरळ दिसणारी, लोखंडी, भक्कम अशी जागा एकच होती. कृष्णातनं डिजिटल माझ्या तोंडावर ताणून बांधला. सूर्य आणल्याबद्दल आभार मानायचे म्हणून त्यानं माझा सूर्य झाकला. त्याच्या हे ध्यानातही आलं नाही.

क्रांतीबाईंच्या ध्यानात दुसऱ्याच दिवशी आलं. बॅटरीचा लाल दिवा लागला होता.

"कृष्णातदादा, डिजिटल काढा तेवढा. बॅटरी भरंना झालीय."

"लाईट हाय की आता, सिस्टर," कृष्णात म्हणाला. "परवा सायेब येत्यात. येऊन गेलं की मीच काढतो."

परवा कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि दौरा पुढं गेला. नवी तारीख ठरेना. क्रांतीबाई सरपंचांकडं गेल्या. ते म्हणाले, "साहेबांचा डिजिटल कार्यक्रमाआधी उतरवला असं वर कळलं तर सौरवाडी दुसऱ्या गावाला जाईल, बाई." सहाव्या दिवशी क्रांतीबाईंनी कुणालाच न विचारता कृष्णातच्या घरामागच्या परड्यातून शिडी आणली आणि भिंतीला लावली. दोन पायऱ्या चढल्याही होत्या. तेवढ्यात बयाबाई वाफ घ्यायला आली.

"बाई, उतर खाली. माझ्या पोराचा फोटू हाय त्येच्यावर."

"मावशी, तुमच्याच वाफेसाठी काढतेय मी. लाईट गेली तर मशीन कशावर लावू?"

"जल्मात पयल्यांदा लागलाय त्येचा फोटू. पिकअप शेडात बसून रोज बघाया मिळतोय मला. सायबानं बघूंदे, मग काढ की. दोन दिसांत काय हुतंय मला?"

क्रांतीबाई पायरीवर घुटमळल्या. मी आतून ओरडत होतो, पण मला आवाज नाही. शेवटी त्या खाली उतरल्या. म्हातारीच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मी त्यांच्या जागी असतो, तर कदाचित मीही उतरलो असतो.

नवव्या दिवशी सकाळी वीजवाहिनीवर झाड पडलं. दहाव्या दिवशी दुपारी कृष्णात आईला पाठीवर घेऊन धावत आला. तिचे ओठ निळे पडले होते. क्रांतीबाईंनी इंजेक्शन दिलं, मास्क लावला, बटण दाबलं. मशीन क्षणभर घरघरलं आणि बंद पडलं. बॅटरीत काहीच उरलं नव्हतं. अँब्युलन्सला फोन लावला तर दोन्हीकडचा रस्ता पाण्याखाली. पाणी उतरल्याशिवाय गाडी येणार नव्हती.

"दुसरं काय न्हाई काय, सिस्टर? कायतरी करा की!"

क्रांतीबाईंनी वर, छताकडं बघितलं.

कृष्णात कोयता घेऊन वर आला. त्यानं दोऱ्या कापल्या नाहीत, डिजिटलच टराटरा फाडला. आधी साहेब फाटले, मग तो स्वतः. माझ्यावर उजेड पडला आणि त्यानं दोन्ही हातांनी माझी काच पुसायला सुरुवात केली. "भर की रं! लवकर भर!" तो मला म्हणत होता. मित्रांनो, मी भरभरून दिलं असं सांगायला मला आवडलं असतं. पण आभाळ काळं होतं, बॅटरी म्हातारी होती आणि दहा दिवसांची उपाशी होती. अशी बॅटरी तासाभरात उठत नाही. मला जमेल तेवढं मी खाली पाठवत राहिलो. क्रांतीबाई दर दोन मिनिटांनी बटण दाबून बघत होत्या. तासाभरानं बटणाचा आवाज थांबला, तेव्हा कृष्णातचे हातही थांबले. त्याला खाली जाऊन विचारावं लागलं नाही.

पाणी उतरल्यावर साहेब आले. वाडीत नवे सोलर आले, घराघरांवर चढले. फीत कापली, टाळ्या वाजल्या. इंजिनिअर वेगळा होता, वाक्य तेच होतं. कृष्णातनं आपल्या घरावर सोलर घेतला नाही.

दिवाळीनंतर तालुक्याहून एक अधिकारी साहेब तपासणीचा फॉर्म घेऊन आले. स्लॅबवर चढले, माझा फोटो काढला आणि वाचत वाचत खुणा करू लागले. पॅनेल जागेवर आहे का? होय. काच फुटली आहे का? नाही. योजनेचा फलक लावला आहे का?

"बॅटरी टिकत नाही असं लिहा ना, साहेब," क्रांतीबाई म्हणाल्या.

"त्याला रकाना नाही, मॅडम."

मला पुसायला आलेला कृष्णात तिथंच फडकं घेऊन उभा होता. आता तो दर आठवड्याला येतो. तो पुढं झाला आणि फॉर्मवर वाकून म्हणाला, "माझी आई हितंच खाली बाकड्यावर गेली, सायेब. ती कुठल्या रकान्यात लिवतासा?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म मात्र पूर्ण भरून गेला, आणि त्यात मी चालू आहे.

मित्रांनो, तुमच्याही शाळेवर, दवाखान्यावर, घरावर माझे भाऊबंद येतील. आणणाऱ्याचे आभार जरूर माना, पण नंतर त्यांच्याकडं बघणारं कोण, हे पहिल्याच दिवशी, टाळ्या वाजत असतानाच विचारा. आणि आमच्यापैकी कुणाच्या तोंडावर फोटो बांधलेला दिसला, तर तो आधी काढा. कुणाचा होता, ते मग बघा.