उमसुनाय एजेंचा खुला तास

"येत असेल तर उजवा हात वर करायचा. येत नसेल तर डावा. पण डावाही असा ताठ, की बघणाऱ्याला वाटावं, याला सगळं येतंय! कळलं का?"

चौथीच्या वर्गातले बावीस हात वर गेले. सगळे उजवे.

शनिवार होता. चौथीच्या शिक्षिका उमसुनाय एजे (एजे म्हणजे थोरली ताई, आमच्याकडे शिक्षिकेला असंच म्हणतात) भाचीच्या लग्नाला पलीकडच्या गावी गेल्या होत्या, म्हणून मला ही संधी साधता आली. आमच्या या डोंगरातल्या कुठल्याही शाळेत जा, खुल्या तासाची तयारी अशीच होते. जिल्ह्याहून समिती येते, मागच्या बाकांवर बसते. शिक्षकाने प्रश्न टाकला की अख्खा वर्ग हात वर करतो आणि शिक्षक उजव्या हातवाल्यांनाच उठवतो. समिती खूश, शाळा खूश. मी स्वतः पाचवीपासून पुढे डावा हात वर करत करत उपमुख्याध्यापक झालो, तेव्हा पद्धत अगदीच टाकाऊ नसावी.

चौथीपर्यंत मात्र मला एजेंनीच शिकवलं होतं. आता त्या एकसष्टच्या होत्या, निवृत्तीचं वय कधीच उलटलेलं. शिक्षणातल्या नव्या सुधारणेत नियम आला, की अशा शिक्षकांनी खुला तास घेऊन दाखवायचा. शंभरात सत्तर गुण मिळाले तर सप्टेंबरात नव्या वर्षाचा वर्ग मिळेल, नाहीतर घरी बसा. गुण कशाला? तर मुलांचे गट पाडण्याला, रंगीत कार्डांना आणि तास संपताना प्रत्येक मुलाने फळ्यावर हसरा किंवा रडका चेहरा चिकटवण्याला. म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

त्याच आठवड्यात आधी मी ते कागदी चेहरे घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो.

"एजे, एवढं तरी करा. शेवटची दोनच मिनिटं."

"कशाला रे?"

"मुलांना समजलं की नाही ते कळतं म्हणे."

"मला त्यांची खरी तोंडं दिसतात की! डोळे अजून शाबूत आहेत माझे." त्यांनी चहाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "बाकास, ही माझी सहावी सुधारणा. पहिल्या सुधारणेत म्हणाले, पाठ करून घ्या. दुसरीत म्हणाले, पाठ करून घेतलंत तर खबरदार. मग पुस्तकं बदलली, देशाचं नाव बदललं. सगळंच वाईट होतं असं नाही हं. काही चांगलंही होतं, ते मी ठेवून घेतलं. पण दर वेळी शेवटी माझ्यापुढे काम उरलं ते एकच. कोणाला कळलेलं नाही ते शोधायचं आणि त्याच्यापाशी थांबायचं. त्यात अजून कोणी सुधारणा केलेली नाही."

"पण समिती हे बघत नाही ना, एजे!"

"मग समितीची नजर तपासून घ्या," त्या म्हणाल्या, आणि मला पाव खायला लावला.

मंगळवारी समिती आली. तिघेजण होते. प्रमुख सालतानात बाई, चाळिशीच्या, हातात गुणांचा तक्ता. मुख्याध्यापकांच्या खोलीत मेंढीचं मटण सकाळपासून शिजत होतं, वास वर्गापर्यंत येत होता. मी समितीशेजारी बसलो.

एजेंनी फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले. एकतृतीयांश आणि एकचतुर्थांश.

"यातला मोठा कोणता?"

बावीस हात ताडकन वर गेले. नऊ डावे. सालतानात बाईंची मान कौतुकाने हलली.

एजे मात्र थबकल्या. एकदा हातांकडे पाहिलं, मग थेट माझ्याकडे. हा डाव आमच्या भागात कोणाला ठाऊक नाही? आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, जणू कोणी त्यांचं अर्धं काम आयतं करून ठेवलं होतं.

"आयझिरेक, तू ये."

आयझिरेकचा हात डावा होता. पोरीने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

"एकचतुर्थांश मोठा," आयझिरेक पुटपुटली. "चार मोठे ना तिनापेक्षा."

"बरं. आणखी कोणाला असं वाटतं? खरं सांगा, वाटतं तसंच."

आठ हात वर आले. त्यात दोघे तर मघाचे उजवे हातवाले! सालतानात बाईंनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं.

"तुमच्या घरी एक पाव आहे," एजे म्हणाल्या. "जेवायला तिघं बसलेत. मग दारात चौथा पाहुणा आला. आता?"

एजे खिडकीला टेकून उभ्या राहिल्या, घाई कसलीच नाही. मिनिट गेलं. समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. दुसरं मिनिट गेलं. मला ओरडून उत्तर सांगावंसं वाटत होतं.

आयझिरेकने हवेतच पाव मोडायला सुरुवात केली. तीन तुकडे. मग परत चार. मध्येच तिचे हात थांबले.

"एजे, पाहुणा आला की माझा तुकडा लहान होतो!"

"मग?"

"मग खाली मोठा आकडा म्हणजे खाणारी तोंडं जास्त. एकतृतीयांश मोठा!" ती वर्गाकडे वळली आणि आपली चूक स्वतःच समजावून सांगायला लागली. ते आठही जण पुढे सरकून ऐकत होते. "पण एजे, हजार माणसं आली तर? तुकडा दिसेल तरी का?"

तेवढ्यात घंटा झाली.

बत्तीस वर्षांपूर्वी त्याच खिडकीला टेकून त्या माझ्यासाठी अशाच थांबल्या होत्या, ते मला तेव्हा आठवलं. माझा ऊर अभिमानाने भरून आला. आणि माझीच लाजही वाटली.

गुण मिळाले एकसष्ट.

"गट नाहीत, कार्डं नाहीत, चेहरे नाहीत," सालतानात बाई शिक्षकखोलीत हळू आवाजात म्हणाल्या. "चुकीचं उत्तर चार मिनिटं दुरुस्त केलं नाही. एजे, मलाही तास आवडला. पण या तक्त्यात त्याला रकानाच नाही."

"घालूही नका. रकाना घातलात की त्याचीही तालीम करून घेईल हा बाकास."

तक्त्यावर माझीही सही लागणार होती. मी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"का नाही?" एजे माझ्यावर डाफरल्या. "एकेक ओळ वाचून बघ. खोटं काय लिहिलंय त्यात?"

त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि स्वच्छ, गोल अक्षरात आपली सही केली. घाईत नाही, रागाने नाही. मग पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली.

"चला एजे, जेवायला," मी म्हणालो. "मानाचा वाटा तुमचाच. मटण गार होतंय."

"मटण परत गरम करता येतं," त्या म्हणाल्या आणि वर्गाकडे निघाल्या.

समिती जेवायला बसली. उपमुख्याध्यापकाने पाहुण्यांना वाढायचं असतं. मी गेलो नाही. चौथीच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. शाळेचं वर्ष संपायला अजून चोवीस दिवस होते.

"हं," उमसुनाय एजेंनी खडू उचलला. "हजार माणसं जेवायला आली."