गोचिडीची पावती

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या. मी थांबते. झाले? मग ऐका.

मी एक जुनी गोचीड आहे. वटवाघळांची गोचीड. आकाराने सदऱ्याच्या बटणाहून लहान, अंगाने चपटी. लोक आम्हाला चिकट म्हणतात, पण चिकट असतात त्या गोठ्यातल्या आमच्या चुलत बहिणी. एकदा गाईला धरून बसल्या की दिवसच्या दिवस हलत नाहीत. आम्ही मोठ्या झालो की वटवाघळाचा डोळा लागल्यावर जातो, पोटभर जेवतो आणि मुकाट्याने आपल्या फटीत परततो. पाहुणीने आणखी किती शहाण्यासारखे वागावे?

माझा जन्म एका लाँड्रीच्या माळ्यावर, तुळईच्या फटीत झाला. खाली दिवसभर इस्त्र्या चालत, म्हणून माळा उबदार असे. ऊब होती म्हणून वटवाघळे राहायला आली, आणि वटवाघळे होती म्हणून माझी आई. अंड्यातून निघाले तेव्हा मला सहाच पाय होते. उरलेले दोन कात टाकल्यावर मिळाले. लहानपणी आम्ही वटवाघळाच्या अंगावरच मुक्काम करतो, त्यामुळे मित्रांनो, मला पंख नसले तरी मी उडाले आहे! संध्याकाळी छपराखालच्या फटीतून ते बाहेर झेप घ्यायचे आणि मी त्याच्या कानामागे जीव मुठीत धरून बसायची. मूठ नव्हती, पण होते तेवढे पाय आवळून धरायची.

वटवाघळांना आमचा लळा होता, असे खोटे सांगणार नाही. मागच्या पायाच्या नखांनी ती आम्हाला खरवडून काढू पाहत. पण रक्ताचे नाते असे तुटत नाही.

मला डोळे नाहीत. पुढच्या दोन पायांनी मी वास घेते आणि ऊब ओळखते. मग खालच्या माणसांचे सगळे मला कसे कळले, असे तुम्ही विचाराल. लाँड्रीत सगळे ओरडूनच बोलतात. मला कान नाहीत, तरी माझ्यापर्यंत पोचत असे.

दुकान एका मालकाचे होते. तो इस्त्री करी आणि त्याची आत्या गल्ल्यावर बसून पावत्या फाडी. दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल ते, चावी असो, कानातले असो की सुटे बटण, पावतीचा नंबर लावून फळीवर ठेवायचे. मागायला कोणी येवो न येवो, टाकायचे नाही. या रीतीवर दुकानाचे नाव होते.

एकदा धुऊन त्या फटीखाली वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर वरून वटवाघळांच्या लेंड्या पडल्या. मालक भडकला. संध्याकाळी वटवाघळे बाहेर पडताच शिडी लावून त्याने छपराखालची फट फळी ठोकून बंद केली. ते पिल्लांचे दिवस नव्हते, हे नशीब. नाहीतर आया बाहेर आणि लेकरे आत, असे झाले असते.

आत राहिलो आम्ही गोचिडी. उपासाची आम्हाला सवय आहे. न जेवता आम्ही वर्षही काढतो. पण खालून सतत माणसाच्या श्वासाचा वास आणि इस्त्रीची ऊब वर यायची. शेवटी माझी काही भावंडे माळ्याखालच्या तक्तपोशीच्या फळ्यांच्या सांध्यातून खाली उतरली. दुपारी गाठोड्यावर आडवा झालेल्या मालकाची मान त्यांनी चाखून पाहिली. तो खाजवत उठला आणि "ढेकूण! ढेकूण!" म्हणून नाचला. दुसऱ्या दिवशी मीही उतरले, ती नेमकी इस्त्री केलेल्या सदऱ्याच्या कॉलरवर.

सदरा शाळेच्या मुख्याध्यापकांचा होता. त्यांनी तो गल्ल्यासमोरच उलगडला.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "मी कपडे धुवायला दिले होते. पाळायला नव्हे."

त्यांचे हे वाक्य त्यांच्यापेक्षा आधी घरोघर पोचले. गिऱ्हाइके समोरच्या लाँड्रीत जाऊ लागली. मालकाने सगळे कपडे पुन्हा उकळले, पण आम्ही वरून येत होतो आणि तो खाली उकळत होता. इस्त्र्या गार पडू लागल्या. आत्याने मला कॉलरवरून उचलून एका भांड्यात झाकून ठेवले होते; तिथे मलासुद्धा ती थंडी जाणवली.

"अजून महिनाभर असंच चाललं तर कुलूप लावायचं," मालक म्हणाला. आत्याने गल्ला पुन्हा मोजला. ती दोनदा मोजते म्हणजे प्रकरण गंभीर.

मग मालकाला गुन्हेगार सापडला. वटवाघळांचा अभ्यास करणारी एक बाई आपल्या कापडी पिशव्या तिथे धुवायला टाकी. वजन करताना वटवाघळाला त्या पिशवीत ठेवतात. दुकानात तिला वटवाघूळबाईच म्हणत. ती आली तसा मालक कडाडला, "घेऊन जा तुमच्या पिशव्या! त्यांच्यातूनच आलंय हे लचांड!"

"दादा, मी एकेक पिशवी झटकून, तपासून देते. बघू तरी काय आहे?"

आत्याने भांडे पुढे सरकवले. बाईने भिंग लावले आणि म्हणाली, "किती सुंदर!"

मित्रांनो, उभ्या आयुष्यात माझी कोणी केलेली ही एकच स्तुती. मी आठही पाय पसरले.

"सुंदर?" मालक म्हणाला. "ढेकणाला?"

"ढेकूण नाही, गोचीड आहे. वटवाघळाची. वर वटवाघळं आहेत का?"

"होती. फट बंद करून हाकलली."

"म्हणजे यांचं ताट तुम्हीच काढून घेतलंत, दादा. मग त्या जेवायला खाली येणारच."

आत्या मालकाकडे वळली. "उकळ आणखी. आता मलाच उकळ."

त्याच दिवशी फळी निघाली. तक्तपोशीचे सांधे पट्ट्या मारून बुजवले आणि फटीखाली लेंड्या झेलायला जुनी चादर ताणून बांधली. बाईने मला कापसाचा बोळा लावलेल्या कुपीत घातले, "हिला जिवंतच नेते," म्हणाली, पिशव्या उचलल्या आणि घाईत मला गल्ल्यावरच विसरून गेली.

"आत्या, फेक ते बाहेर!"

"का रे? गिऱ्हाइकाची वस्तू आहे. पावती फाड."

"गोचिडीची पावती? काय लिहू, धुणं की इस्त्री?"

"लिही, नुसतं सांभाळणं."

ही पावती गावभर झाली. ती बघायला पहिले आले मुख्याध्यापक. खूप हसले आणि जाताना पाच सदरे टाकून गेले. त्यांच्यामागून बाकीची गिऱ्हाइकेही परतली.

तेव्हापासून मी फळीवर आहे, एका चावीच्या आणि एकट्या कानातल्याच्या मधे. बाई दूरच्या गुहांकडे गेली आहे. येईल तेव्हा येईल, उपासाचे मला काही नाही. परवा बोळ्यातून ओळखीचा वास आला. वटवाघळे परतली!

मित्रांनो, कोणाला घराबाहेर काढण्याआधी त्याच्या जिवावर आणखी कोण जेवते, ते वर चढून बघा. पिल्लांच्या दिवसांत तर फट बुजवायच्या फळीला हातही लावू नका. आणि आम्ही चावलोच तर नखाने ओढू नका, डॉक्टरांकडे जा. आमचे तोंड आधीच लहान आहे.

आता आत्या दुकान उघडते आहे. आधी फळी पुसते, मग माझी कुपी उचलून टिचकी मारते आणि विचारते, "आहेस ना गं?"

मी एक पाय हलवते. मग इस्त्री तापते.