दहा खुर्च्यांचं टेबल

रेनिटानं फोनवर जागेचं नाव सांगितलं, तेव्हाच वर्डेल गॅस्किनच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मिस झेनोबियाच्या खानावळीत? अगं, तिथं दहा-दहा अनोळखी माणसं एका टेबलाला बसवतात."

"हो. मंगळवारी साडेअकराला या. मला तासाभराचीच सुट्टी असते." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

चार वर्षांत लेकीशी झालेलं हे पहिलंच बोलणं होतं, म्हणून वर्डेलनं हुज्जत घातली नाही. मंगळवारी सकाळी त्यानं दाढी केली, चर्चला घालायचा शर्ट इस्त्री केला. बायको, क्लोटील, गेल्यापासून इस्त्री त्यालाच करावी लागे आणि कॉलरवर एक तरी चुणी राहायचीच. मग जुना ट्रक काढून पीचच्या बागांमधल्या रस्त्यानं तो मेकन शहराकडं निघाला. दीड तासाची वाट. सगळी वाटभर तो एकटाच मोठ्यानं बोलत होता. लेकीला जे सांगायचं ते त्यानं तीन वाक्यांत बसवलं होतं. पहिलं वाक्य बिनअडखळता यायचं, दुसऱ्याला तो अडखळायचा. तिसरं मात्र त्याला एकदाही पुरतं म्हणता आलं नाही.

चार वर्षांपूर्वी क्लोटीलला माती देऊन सगळे चर्चच्या हॉलमध्ये जेवायला जमले होते. बायका ताटं वाढत होत्या. रेनिटा बापाच्या पुढ्यात ताट ठेवायला वाकली आणि वर्डेल साऱ्या गणगोतादेखत तिला म्हणाला, "तू नोकरीसाठी अटलांटाला गेली नसतीस ना, तर तुझी आई आज जिवंत असती." रेनिटानं हातातलं ताट तसंच टेबलावर ठेवलं, पर्स उचलली आणि ती निघून गेली. त्यानंतर ना ती घरी आली, ना त्याचा फोन तिनं उचलला. गेल्या वर्षी ती मेकनच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली, हेसुद्धा वर्डेलला तिच्या मावशीकडून कळलं.

तो अकरालाच पोचला. तरी मिस झेनोबियाच्या दारापासून निघालेली रांग कोपरा वळून पार न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली होती. जुलैचं ऊन. फुटपाथ नुसता तापलेला तवा. रेनिटा आली तेव्हा बारा वाजायला पंधरा मिनिटं होती आणि वर्डेलच्या शर्टाची इस्त्री घामानं केव्हाच मोडली होती. ती हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत होती. वाळली होती. डोळे थेट आईचे.

"कसे आहात डॅडी?"

"बरा आहे. तू?"

"बरी आहे."

वर्डेलनं टोपी काढली. पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं. "रेनिटा, मला तुला एक—"

"माफ करा हं!" मागून एका लालबुंद चेहऱ्याच्या माणसानं त्याच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं. "आम्ही ओहायोहून आलोय. इथलं चिकन खरंच लोक म्हणतात तसं असतं का हो?"

"असतं," वर्डेल म्हणाला.

"आणि कोलार्डची पालेभाजी? माझ्या मिसेसला कडू चालत नाही."

वर्डेलनं दात आवळले. रांगेत पुढं सरकायला वीस मिनिटं गेली आणि त्या वीस मिनिटांत ओहायोवाल्यानं कोलार्ड, भेंडी, हवा आणि हॉटेलातलं पार्किंग, एकही विषय सोडला नाही. रेनिटा त्याला हसून उत्तरं देत होती. ती जाणूनबुजून त्याला बोलतं ठेवतेय की काय, असं वर्डेलला वाटायला लागलं.

दारात ट्वायला नावाची धिप्पाड बाई माणसं मोजून आत सोडत होती. वर्डेल तिच्या कानाशी वाकला. "बाई, कोपऱ्यात एखादं वेगळं टेबल मिळेल का? आम्हा दोघांना जरा बोलायचंय."

"राजा, सत्तर वर्षांत इथं कुणाला वेगळं टेबल मिळालेलं नाही," ट्वायला म्हणाली. "दोघं ना? चला, त्या खिडकीच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत."

खुर्च्या दोन होत्या, पण शेजारी नव्हत्या. मधल्या खुर्चीत जांभळी टोपी घातलेली एक म्हातारी ऐसपैस बसली होती. वर्डेलनं तिला अदबीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही जरा एक खुर्ची सरकता का? ही माझी लेक आहे."

"मला मिस युलाली म्हणतात," म्हातारी म्हणाली. "आणि बाळा, माझा खुबा बदललेला आहे. एकदा बसले की देवानं हाक मारली तरच उठते. तुम्ही बसा दोन बाजूंना. मी काय भिंत आहे? माझ्यातून ऐकू जातं."

टेबलावरचे सगळे हसले. वर्डेल मुकाट्यानं बसला. पलीकडं रेनिटा. समोर रस्तादुरुस्तीची तीन माणसं, बाजूला एक प्राध्यापकछाप जोडपं, आणि उरलेल्या दोन खुर्च्यांवर ओहायोवाला आणि त्याची मिसेस.

ट्वायलानं वाडगे आणून आदळायला सुरुवात केली. तळलेलं चिकन, चवळी, भेंडी-टोमॅटो, पाकातली रताळी, भात, ग्रेव्ही, मक्याचा पाव. प्राध्यापकानं हात पुढं केला तशी मिस युलालीनं त्याच्या मनगटावर चापट दिली. "आधी प्रार्थना. टेबलावर वयानं मोठा पुरुष कोण? तुम्हीच ना मिस्टर—"

"गॅस्किन. पण मला नाही—"

"करा, करा. अन्न गार होतंय."

दहाही जणांनी एकमेकांचे हात धरले. वर्डेलचा एक हात मिस युलालीच्या हातात, दुसरा समोरच्या रस्तादुरुस्तीवाल्याच्या खरबरीत पंजात. लेकीचा हात म्हातारीच्या दुसऱ्या मुठीत. "हे प्रभू," वर्डेलनं सुरू केलं आणि त्याला पुढचं काही सुचेना. चाळीस वर्षं हीच प्रार्थना केलेला माणूस! "हे प्रभू, या अन्नाबद्दल... आणि इथं बसलेल्यांबद्दल..." तो थांबला. कुणाचं तरी पोट गुरगुरलं. "आमेन," रेनिटानंच म्हणून टाकलं, आणि हात सुटले.

मग वाडगे फिरायला लागले. डावीकडून घ्यायचा, वाढून घ्यायचं, उजवीकडं द्यायचा. वर्डेल म्हातारीच्या पाठीमागून वाकून "रेनिटा" म्हणायचा आणि तेवढ्यात रताळ्यांचा वाडगा छातीशी यायचा. तो पुढं धाडला की भात. भात गेला की ग्रेव्ही.

"तुमची लेक नर्स आहे होय?" मिस युलालीनं विचारलं. "लग्न झालंय? नाही? मिस्टर गॅस्किन, अहो, एवढी गुणी पोर आणि तुम्ही करताय काय?"

"मॅडम, मला तिच्याशी दोन शब्द बोलू द्याल का?"

"मग बोला की! मी कुठं तोंड धरलंय?"

ओहायोवाला फोन उंच धरून वाडग्यांचे फोटो काढत होता. "मिस्टर गॅस्किन, जरा ते चिकन तिरकं धरता का?"

वर्डेलनं चिकनचं ताट ठाणकन खाली ठेवलं. तुकडे उडाले. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा होऊन गेले होते. तो म्हातारीच्या पाठीमागं वाकला आणि दबक्या, चिडक्या आवाजात म्हणाला, "सगळं शहर सोडून तू हीच जागा का निवडलीस? माणसाला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत इथं!"

रेनिटानं रुमालानं बोटं पुसली. "इथं दहा माणसं असतात म्हणून."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी तुम्ही बोललात तेव्हाही माणसं होती, डॅडी. सत्तर-ऐंशी होती. पण सगळी आपलीच. एकानंही तोंड उघडलं नाही. ही परकी माणसं आहेत. निदान बोलतील तरी."

मिस युलालीनं खाणं थांबवलं. समोरच्या तिघांनी ताटात नजर खुपसली. उठून चालतं व्हावं, असं वर्डेलच्या मनात आलंच. ट्रक बाहेर उभा होता, किल्ली खिशात होती. पण दीड तास वाट तुडवून आलेली ती तीन वाक्यं तशीच परत न्यायची, या विचारानं त्याचे पाय उचलेनात.

"बरं," तो म्हणाला. आता तो वाकला नाही, आवाजही दाबला नाही. "त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. तुझी आई गेली तेव्हा मी घरीच होतो, मागच्या शेडमध्ये, गवत कापायचं एक मशीन दुरुस्त करत होतो. आणि तिनं..." तिसरं वाक्य पुन्हा अर्ध्यावर तुटलं. त्यानं गोड चहाचा घोट घेतला, तो ठसक्यात बाहेर आला. मिस युलालीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि तिनं मला हाक मारली होती. मला वाटलं, जेवायला बोलावतेय. मी 'आलो' म्हणालो आणि गेलो नाही. कार्ब्युरेटर पुरा जोडला आणि मगच गेलो. अर्ध्या तासानं."

ओहायोवाल्याच्या मिसेसनं नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला.

"आणि हे तुम्ही पोरीच्या माथी मारलंत?" मिस युलाली सावकाश म्हणाली. "चार वर्षं?"

"हो मॅडम."

"शरम वाटायला हवी होती, मिस्टर."

"वाटते, मॅडम."

रेनिटा उठली. तिनं आपलं ताट, पेला, काटा-चमचा गोळा केला, कारण मिस झेनोबियाकडं ज्याचं ताट त्यानंच स्वयंपाकघरात नेऊन द्यायचं असतं, आणि कुणाकडंही न बघता ती गेली. वर्डेल तिच्यामागं धावला. दारात ट्वायलानं हात आडवा घातला.

"राजा, ताट."

"बाई, माझी लेक चाललीय!"

"गव्हर्नर आला तरी ताट उचलतो. न्या."

तो परत फिरला, ताट उचललं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पाच माणसं पुढं. त्यातला एक आतल्या बायांशी बिस्किटांच्या कृतीवर गप्पा मारत उभा. वर्डेलनं शेवटी त्याच्या खांद्यावरून हात लांब करून ताट आत सारलं, तर कुणीतरी ओरडलं, "अहो, उष्टं वेगळं काढा!" त्यानं उष्टं वेगळं काढलं. घाईत ग्रेव्ही शर्टावर सांडली.

बाहेर आला तेव्हा रेनिटा गेलेली असेल, अशी त्याची खात्रीच होती. पण ती न्हाव्याच्या दुकानाच्या सावलीत भिंतीला टेकून उभी होती.

"आईनं त्या दिवशी मलाही फोन केला होता," ती म्हणाली. "बारा वाजून दहा मिनिटांनी. मी एका पेशंटपाशी होते, उचलला नाही. तुम्ही हॉलमध्ये ते बोललात आणि मला वाटलं, यांना फोनचं कळलंय. म्हणून मी एक शब्द बोलले नाही. चार वर्षं मला वाटत आलं की तुमचं बरोबर आहे."

ती रडली असती, ओरडली असती, तर वर्डेलला सोसलं असतं. ती नुसती बघत होती.

"मला माफ करशील?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आज नाही." तिनं घड्याळ पाहिलं. "मला कामावर जायचंय. पुढच्या मंगळवारी या."

"इथंच?"

"इथंच."

"रेनिटा, दुसरीकडं कुठं बसू. तुझ्या घरी बसू. एखाद्या बागेत—"

"एकटीनं तुमच्यासमोर बसायला मला अजून जमणार नाही, डॅडी." ती वळली आणि हॉस्पिटलच्या दिशेनं चालू लागली. एकदाही मागं बघितलं नाही.

पुढच्या मंगळवारी वर्डेल साडेदहालाच रांगेत उभा राहिला. बारा वाजता तिचा निरोप आला: आणीबाणीचा पेशंट आलाय, जमत नाही. तोवर त्याचा नंबर लागला होता. नऊ अनोळखी माणसांत बसून त्यानं काय खाल्लं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. परतीच्या वाटेवर त्यानं मिस झेनोबियाला, तिच्या सत्तर वर्षांच्या रिवाजाला आणि जॉर्जियाच्या उन्हाला पोटभर शिव्या घातल्या.

तिसऱ्या मंगळवारी ती आली. या खेपेला खुर्च्या समोरासमोर मिळाल्या आणि मध्ये वाडग्यांचा डोंगर. एका बाजूला चर्चच्या गायकमंडळातल्या चार बायका जोरजोरात बोलत होत्या. अर्धं जेवण झालं. मग वाडग्यांवरून रेनिटानं विचारलं, "ते मशीन कुणाचं होतं?"

वर्डेलला क्षणभर कळेना. मग शेडमधलं ते गवताचं मशीन आठवलं. "डीकन विलर्डचं."

"लागलं का चालायला?"

"लागलं."

"अजून चालतं?"

त्याला खोटं बोलावंसं वाटलं. मोडलं म्हणावं, भंगारात गेलं म्हणावं. दर शनिवारी शेजारच्या, चर्चचं काम पाहणाऱ्या डीकनच्या अंगणातून त्या मशीनचा आवाज यायचा आणि वर्डेल खिडक्या लावून घ्यायचा.

"चालतं," तो म्हणाला. "झकास चालतं."

गायकमंडळातली एक बाई मध्येच ओरडली, "अहो, ती चवळी तुमच्याकडंच अडकलीय!" वर्डेलनं वाडगा उचलून पुढं दिला. रेनिटा उठली नाही. तिनं पाव मोडला, ग्रेव्हीत बुडवला, आणि ती खात राहिली.