लुच्काच्या खाडीतला आवाज

फ्राने फळ्यावर तारामाशाचा पाचवा हात काढत होता, तेव्हा शाळेतली शिपाई मारेमावशी दारात येऊन उभी राहिली. बंदरातून फोन आला होता. समुद्रात बुडी मारायला गेलेल्या त्याच्या बायकोची, दिंकाची बोट लुच्काच्या खाडीत रिकामी सापडली होती. फ्रानेने तो हात पुरा काढला, खडू ठेवला आणि मग निघाला.

ते ऑक्टोबरात. पाणबुड्यांनी पुष्कळ शोधलं, काही मिळालं नाही. चर्चचे फादर अधूनमधून विचारत, "अंत्यविधीची प्रार्थना कधी ठेवू या?"

"मुलांची सहल होऊ दे," फ्राने म्हणायचा.

आता मे उजाडला होता. सातवीची मुलं समुद्रातले जीव बघायला जाणार होती, तीही लुच्कालाच. हेडबाईंनी दुसरी खाडी सुचवली. इतकं दाट समुद्रगवत दुसरीकडे नाही, एवढंच तो म्हणाला.

वर्गाचे पडदे ओढून त्याने रेकॉर्डिंग लावलं. हिवाळाभर तो खडकावरून पाण्यात मायक्रोफोन सोडून बसत आला होता.

"डोळे मिटा. काय ऐकू येतं ते सांगा."

तडतड आवाज येऊ लागला.

"कोणीतरी मासे तळतंय," शिमुन म्हणाला.

"तुला खाण्याशिवाय काही सुचतं का रे?" पेरिना म्हणाली. वर्ग हसला.

"चिमुकल्या कोळंब्या आहेत. नांग्या आपटतात. आता पुढचं."

टक् टक्. जरा थांबून, टक्.

"ही आमच्या वरच्या मजल्यावरची आजी. दंगा केला की काठी आपटते," शिमुन म्हणाला. या वेळी फारसं कोणी हसलं नाही.

"नांगराची साखळी असेल," फ्राने म्हणाला.

"सर, तिथं नांगर टाकायला बंदी आहे," पेरिना म्हणाली. तिचे वडील मासेमार होते. "गवत उपटतं. बाबांना तिथून हाकललं होतं."

पहिलं रेकॉर्डिंग जानेवारीतलं होतं. फ्रानेने कालचं लावलं.

टक् टक्. टक्.

पेरिनाने डोळे उघडले नाहीत. "सर, हे जवळ आलंय."

"तुम्ही मायक्रोफोन पुढं नेला असेल ना, सर?" शिमुनने हळूच विचारलं.

"नाही. खडक तोच आहे."

त्याने यंत्र बंद केलं. तरी मुलं माना तिरक्या करून ऐकतच राहिली.

"पण ते आहे काय, सर?"

फ्रानेने हात पँटला पुसले. खडूला त्याने आज हातही लावला नव्हता. माशांची नावं सांगायचा त्याच आवाजात तो म्हणाला, "पाठीवरच्या हवेच्या टाकीवर सुरीच्या मुठीने ठोकलं की असा आवाज येतो. दोनदा, मग एकदा. मी वर येतेय, शिडी सोड, असा त्याचा अर्थ."

"आणि वर बोटीत कोण असायचं?"

"मी."

त्या दिवसाबद्दल कोणी विचारलं नाही. तेव्हा सगळी याच वर्गात त्याच्यासमोर बसली होती, तो तारामासा काढत असताना.

घंटा झाली. मुलं एरवीसारखी पळाली नाहीत, एकमेकांना धरून गेली. फ्रानेने पडदे बाजूला सारले. खाली धक्क्याला दिंकाची बोट होती, पोलिसांनी आणून बांधली होती तशीच. शिडी अजून पाण्यात सोडलेली नव्हती.