सात नंबरची गाठ

मी गाठ बोलतेय. माणसाच्या मांसातली, काळी. नाक मुरडू नका. तुमच्याही अंगावर कुठंतरी माझी एखादी बहीण निजली असेल. तिची झोप मोडायची नसेल तर मनातल्या मनात वाचा.

कडाव गावच्या चंद्रभागेच्या डाव्या टाचेत मी जन्मले. सत्तर-बहात्तर सालची गोष्ट. तेव्हा मी मिरीच्या दाण्याएवढी होते. चंद्रभागा दिवसभर भाताच्या खाचरात चिखल तुडवायची. तिचा तळपाय बघायला सवड होती कुणाला? बाया तोंड आरशात बघतात, हात कामात बघतात. तळपाय दिसतात ते लोकांना, आणि तेही तिरडीवर निजवल्यावर.

मी तिच्या टाचेत बसून तिची नाडी ऐकायची. धप, धप. ते रक्त मला गोड लागायचं. मांजराला दूध गोड लागतं, त्यात मांजराचा काय दोष? मी पीत होते आणि गुपचूप पसरत होते.

चंद्रभागा लंगडायला लागली तेव्हा सासूनं, पारूबाईनं, पाय उलटा करून बघितला.

"कुरूप हाय गं. बिब्बा लावला की जळून जाईल."

तिनं बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला आणि उकळतं तेल माझ्यावर टेकवलं. चंद्रभागा किंचाळली. मी हूं की चूं केलं नाही. बिब्ब्यानं भोवतालची कातडी काळी झाली आणि त्या काळ्यात मी काळी लपून गेले. असं पांघरूण मला मागूनही मिळालं नसतं.

चंद्रभागेचा नवरा नामा खोपोलीच्या एका कारखान्यात होता. कामगाराच्या बायकोला कारखान्याच्या दवाखान्यात औषधपाणी फुकट. अंगावरचं जे काही कापायचं, त्याला तिथं एकेक नंबर होता. कारखाना दवाखान्याला पैसे द्यायचा ते नंबर बघून. चामखिळीचा नंबर वेगळा, कुरुपाचा सात, संशयाच्या काळ्या गाठीचा अकरा. अकरा पडला की कापलेला तुकडा तपासायला मुंबईला जायचा. सात पडला की केराच्या बादलीत.

"काळं कशानं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिब्बा लावलाय सायेब. कुरूप हाय," पारूबाई म्हणाली.

"कमळाकर, सात टाका."

कमळाकर कंपाउंडरनं कार्डावर सात टाकला. मला हसू आलं. डॉक्टरांनी कुरूप कापतात तसं मला वरवर कापलं. अर्धी मी चिमट्यात आले, अर्धी टाचेतच राहिले.

कमळाकर मला बादलीत टाकणार, तोच पारूबाईनं त्याचा हात धरला. "टाकू नको रं बाबा. अंगाचा तुकडा आपल्या मातीत पुरावा लागतो. नायतर माणूस मेल्यावर तो हुडकत फिरतं."

कमळाकरनं मला औषधाच्या पाण्यात, काचेच्या बाटलीत घालून बूच लावून दिलं. घरी नणंद होती, भीमाबाई. नवऱ्याच्या माघारी माहेरी आलेली, तोंडानं तिखट. ती म्हणाली, "आये, बुद्धाची दीक्षा घेऊन इतकी वर्सं झाली, तुजी जुनी खुळं काय जात नायत."

"तू गप गं भीमे."

पारूबाईनं मला बाटलीसकट खाचराच्या बांधात पुरलं.

आता ऐका. मातीखाली अंधार होता, गांडुळं बाटलीला अंग घासत जायची. पण मला ऐकू यायचं. धप, धप. उरलेली मी चंद्रभागेच्या टाचेत होते ना! ती बांधावर उभी राहिली की वर मी आणि खाली मी, मध्ये वीतभर माती. वरची मी खालच्या मला सांगायची, आता घोट्याकडे निघाले. आता पोटरीत एक वाट सापडली. आता वर, मांडीकडे. मी खाली बाटलीत निजून सगळं ऐकायची. चंद्रभागा गुणगुणत गवत कापायची.

एका दुपारी मोरीत बसून भीमाबाईनं भावजयीचा पाय मांडीवर घेतला आणि वजरीनं घासायला लागली. घासता घासता हात थांबला.

"वयनी, बिब्बा परत लावला व्हता का गं?"

"नाय वन्स. तो एकदाच."

"बिब्ब्याची कातडी कवाच सोलून गेली. मग ह्ये काळं कुठनं आलं? आन् ह्येच्या कडा बघ, सांडलेल्या शाईवानी."

बाईमाणसाला भीती वाटली की आधी ती कामाला लागते. भीमाबाई खुरपं घेऊन थेट बांधावर आली. पारूबाई मागं धावली.

"भीमे, पुरलेलं उकरू नको! मेल्यावर ती तुकडा हुडकत फिरंल!"

"मेल्यावर फिरू दे की गावभर. मला ती जितेपणी फिरायला हवीय."

खुरप्याचं पातं काचेला लागलं. कर्र! उजेड आत आला. भीमाबाईनं बाटली पदराला पुसली, डोळ्यांसमोर धरली आणि माझ्याकडे बघितलं. आजवर मला कुणी असं बघितलं नव्हतं. मी आक्रसले.

भीमाबाई चंद्रभागेला घेऊन एस.टी.नं खोपोलीला गेली. भीमाबाईनं बाटली कमळाकरच्या टेबलावर आपटली.

"ह्याला मुंबईला धाडा."

"अहो बाई, कार्डावर सात आहे. सात म्हणजे कुरूप. ते प्रकरण मिटलं."

"कापलेलं कुरूप पसरत जातं का रं? पाय बघ हिचा."

"नंबर वर कळवून झालाय. आता बदलत नाही."

"मग मी हितंच बसते. तुजा सात उठला की मी उठते."

आणि ती दारातच फतकल मारून बसली. आतले बाहेर जाईनात, बाहेरचे आत येईनात. शेवटी डॉक्टर आले. त्यांनी टाच बघितली. मग जांघेत बोटं दाबून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. कमळाकरच्या हातातला पेन घेऊन त्यांनी स्वतः सात खोडला आणि अकरा लिहिला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. कुणीतरी मला ओळखलं होतं.

माझी एक चकती मुंबईला गेली आणि तिकडून उत्तर आलं, वाईट. चंद्रभागेला तिकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखाली कापायचा, जांघेतल्या गाठी काढायच्या, असं ठरलं. मी इकडे दवाखान्याच्या फळीवर होते; डॉक्टरांनी मला आठवण म्हणून ठेवून घेतलं होतं. मी ऐकत होते. धप, धप, धप.

आणि मग काहीच नाही.

चंद्रभागेत मी संपले की चंद्रभागाच संपली? विचारायचं कुणाला? फळीवर धूळ साचली. पाणी पिवळं झालं. पावसाळे गेले. मी कान लावून राहिले.

एक दिवस व्हरांड्यात काठीचा आवाज आला. ठक, ठक. कुबडीवर चंद्रभागा, मागं भीमाबाई. चंद्रभागेच्या केसांत पांढरं आलं होतं. तिनं मला फळीवर बघितलं आणि हसली.

"एवढीशी व्हय गं वन्स ही?"

"एवढीशीच. मुंगी चावंल तरी, हिनं तेबी केलं नाय."

चंद्रभागेनं बाटलीवर बोट टेकवलं. मधे फक्त काच. मी जीव एकवटून ऐकलं. धप नाही, काही नाही. तिच्यात मी कुठंही उरले नव्हते. ती परत फिरली, काठी ठक ठक करत गेली, आणि मी फळीवर एकटी राहिले.

आता माझा चुरा होत चाललाय. कधीतरी कुणी बाटली फोडेल. तोवर एक ऐका. आज मोरीत बसाल तेव्हा तळपाय उलटा करून उजेडात धरा. काळं काही वाढताना दिसलं तर त्याला आपल्या मनानं नाव देऊ नका. मला सगळ्यांनी कुरूप म्हटलं, कार्डावर सात टाकला, तेव्हा मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मला ते नाव चालत होतं.