कोरा राहिलेला डावा बूट

मी एक बूट बोलतोय. डाव्या पायाचा. माझ्याकडे असं निरखून बघू नका, मला लाज वाटते. वरून मी अजून नवाच दिसतो. चामड्यावर चकाकी आहे, नाडीचं टोकसुद्धा उसवलेलं नाही. पण मला उलटा करा, म्हणजे कळेल. तळाला सोल नाही, नुसता काळा भुगा आहे.

डोंगर चढण्यासाठीच आमची जोडी बनवली होती. जाड चामडं, घोट्यापर्यंत उंची, तळाला खोल खाचा. दुकानाच्या काचेमागे उभे असताना आम्हा दोघा भावांना भारी गर्व होता. शेजारच्या स्लिपरांशी आम्ही बोलतसुद्धा नव्हतो.

आम्हाला विकत घेतलं ते बाबांनी; त्यांची लेक म्हणते तसं मीही त्यांना बाबा म्हणतो, आणि त्यांच्या बायकोला आई. ते शहराच्या पाणीपुरवठा केंद्रावर पंप चालवायचे. ज्या नदीला सगळे आई म्हणतात, तिचं पाणी उपसून घराघरांत पोचवायचं हे त्यांचं काम. आमच्या गावाशी येईपर्यंत ती बिचारी गढूळ आणि थकलेली असते. बाबांच्या मनात एकच होतं, तिचं माहेर बघायचं. वर, हिमनदीच्या पोटातून ती बाहेर पडते ती जागा.

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात," आई हसायच्या.

"मी शोधत नाहीये, भेटायला जातोय," बाबा म्हणायचे.

दुकानदाराने बजावलं होतं, "काका, रोज घाला. पायाला बसतील." बाबांनी मान डोलावली आणि घरी आल्यावर आम्हाला कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवायची, ही या घराची रीतच. पाहुण्यांचे कप, नव्या चादरी, सगळं कपाटात. चालण्याचा सराव बाबा करायचे, पण झिजलेल्या चपला घालून. "बूट खराब होतील," असं म्हणायचे.

मग रजा नामंजूर झाली. पुढे आईंचं ऑपरेशन निघालं, नंतर लेकीची परीक्षा. वर्षं निघून गेली. अंधारात पडल्या पडल्या माझा सोल आतल्या आत कुजत होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी आपला वरच्या चकाकीवर खूश!

बाबा निवृत्त झाले आणि एकदाचे निघाले. बरोबर लेक होती. ती बँकेत नोकरी करते. लहानपणापासून तिने त्या जागेच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या की तिला बाबांपेक्षा जास्त घाई झाली होती. मोठ्या मिनतवारीने तिने सुट्टी मिळवली होती.

वाटेत बाबांच्या तोंडी माझीच स्तुती. "असे बूट आता मिळत नाहीत." आमच्या गटात एक बेकरीवाले होते, त्यांच्या पायात साधे कापडी बूट. "हे बागेत फिरायला ठीक आहेत," असं बाबा त्यांना म्हणालेसुद्धा. बेकरीवाले नुसते हसले. मी मात्र फुगून गेलो होतो.

शेवटच्या टप्प्यात झाडं संपली. पुढे नुसते दगड, त्यांच्यावर बर्फाचा कुरकुरीत थर, आणि अंगाला झोंबणारा वारा. वाटाड्या म्हणाला, "ते पुढचं वळण दिसतंय ना? त्याच्यापलीकडे हिमनदीचं तोंड." लेकीचा चेहरा उजळला. आणि तिथेच, एका साध्या दगडावर, माझी टाच सुटली. दोन पावलांत सगळा सोल लोंबायला लागला.

बाबा मटकन खाली बसले. पाय दगडांच्या फटीत सरकवला. बेकरीवाले मागून येतच होते. बाबांचे कान लाल झालेले मी खालून पाहिले. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दोरीने बांधलं असतं, नाहीतर लेक तरी पुढे गेली असती. पण ते म्हणाले, "छातीत... कसंतरी होतंय गं."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. वाटाड्याने सांगितलं, "थांबू नका, खाली उतरवा यांना."

"मी नेतो बाबांना, मुली. तू जाऊन ये," बेकरीवाले म्हणाले.

"नको काका. मला नाही जायचं."

खालून खेचर मागवलं. 'पाय गार पडलेत' असं म्हणत बाबांनी मला मफलरमध्ये गुंडाळून टाकलं. लेक रडू आवरत खेचराच्या बाजूने चालत राहिली. तिने एकदाच मागे वळून त्या वळणाकडे पाहिलं. मला आवाज असता तर मी ओरडलो असतो.

खालच्या मुक्कामी तिने त्यांचे पाय चोळायला मफलर सोडला. सोल तिच्या हातात आला. तिने तो पाहिला, बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. तिने मला उचलून दाराबाहेर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर केंद्रावरचे जुने सोबती भेटायला आले. "मग, बघून आलात का माहेर?" एकाने विचारलं.

लेकच पटकन म्हणाली, "आलो ना बघून. सुंदर आहे."

बाबा उठले. आत गेले, आणि मला घेऊन बाहेर आले. चहाच्या कपांमध्ये त्यांनी मला उलटा ठेवला. असा उघडा मी कधीच पडलो नव्हतो.

"काही बघितलं नाही. माझ्या छातीला काही झालं नव्हतं. याचा सोल निघाला आणि मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी पोरीला दारातून परत आणलं, आणि आता तिला खोटं बोलायला लावतोय."

कुणी हसलं नाही. आई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "अहो, एक बूट तो काय!" लेक उठून आत निघून गेली. पुढे बरेच दिवस ती बाबांशी कामापुरतंच बोलायची.

त्यानंतर बाबांनी तिला नवे बूट आणून दिले आणि हात धुऊन तिच्या मागे लागले. "भाजीला चाललीस? बूट घाल. बँकेत? बूट घाल."

"अहो बाबा, साडीवर बूट?" एक दिवस ती खळखळून हसली. तो दिवस मला आठवतो.

उद्या कचऱ्याची गाडी आली की मी निघेन. तुमच्या कपाटात माझा कुणी भाऊबंद कोरा करकरीत पडला असेल, तर कृपा करून त्याला बाहेर काढा. झिजू द्या त्याला.

आज दुपारी फोन वाजला. लेक या वेळी एकटीच वर गेली होती.

"बाबा, जाऊन आले. आत्ताच खाली उतरलेय."

बाबा म्हणाले, "बूट?"

"पार वाट लागलीय त्यांची!"

"लागू दे. लागू दे. आता सांग, कशी दिसते ती तिथे?"

ते तिथेच, माझ्याशेजारी, फरशीवर बसले. पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. बाबा फोन कानाशी घट्ट धरून लहान मुलासारखे "हं... हं... मग?" म्हणत होते.