उलटं फिरलेलं रीळ

सत्यवतीने सोळा शुक्रवार बोलले होते. शुक्रवारी अंघोळ झाली की दिवेलागणीपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि देवीने एवढंच करायचं की विठ्ठलला पुन्हा वर चढता यावं. आजचा अकरावा शुक्रवार. पाच अजून बाकी होते, आणि फोरमन हारूनने दिलेली मुदत मात्र उद्याची होती.

विठ्ठल परांची बांधायचा. मालवणाकडे लहानपणापासून माडावर चढलेला माणूस, इथे आखातात सित्र्याच्या कारखान्यांत पाइपांचे सांगाडे उभारताना आभाळात वावरल्यासारखा वावरायचा. गेल्या ऑक्टोबरात, अठ्ठ्याहत्तर साली, तो दोन माळ्यांच्या उंचीवरून खाली आला. पाय मोडला, मग जुळला. डॉक्टरांनी कागदावर फिट असं लिहूनही दिलं. पण शिडीची तिसरी पायरी आली की त्याच्या तळहातांना घाम फुटे आणि तो मुकाट उतरून येई. हारून वाईट माणूस नव्हता. त्याने दोनदा वाट पाहिली. तिसऱ्यांदा सांगितलं, शनिवारी वर गेलास तर व्हिसा पुढे चालू, नाहीतर खलास, घरचं तिकीट.

तो पडला कसा, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सत्यवतीने विचारलं की भिंतीकडे तोंड करून निजायचा. ती आपली मनातल्या मनात त्याला पडताना बघत राहायची. फुलं वाहताना, भाकरी थापताना, सारखा वरून खाली. एकदाही त्याला मधे अडवता आलं नाही.

त्या दुपारी शेजारच्या निकोलसने सिनेमाचं मशीन आणलं. निकोलस वसईचा, झल्लाकच्या हॉटेलात कामाला. पाहुण्यांना रात्री दाखवायचा सिनेमा त्याने मॅनेजरला विचारून दुपारपुरता मआमीरला, आपल्या वस्तीत आणला होता. घरमालकीण रुकय्या हिच्या नवऱ्याचं मोठं गॅरेज होतं, ट्रक उभे राहतील एवढं उंच. त्याच्या झरोक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. पडदा म्हणून निकोलसची बायको अ‍ॅग्नेस सत्यवतीची पांढरी चादर मागून घेऊन गेली. याच चादरीवर विठ्ठल दोन महिने प्लास्टरमध्ये पडून होता. तिने ती सात वेळा धुतली होती. निकोलसने शिडी लावून चादर वरच्या लोखंडी तुळईला दोन टोकांनी बांधली. विठ्ठल शिडीकडे पाठ करून बसला.

सिनेमा वीस मिनिटांचा, जुना, आवाज नसलेला. फळ्यांच्या घरांचं एक गाव, चोहीकडे वाळू, इथल्या रिफा गावाच्या पलीकडे आहे तशीच. एक लुकडा माणूस मोठी टोपी घालून, कमरेला पिस्तूल लटकावून गावाचा रखवालदार म्हणून येतो. घोडा त्याला बसू देत नाही. तो बसला तर घोडाच खाली बसतो. गुत्त्याचं झुलतं दार त्याला आत ढकलतं आणि तेच दार परत बाहेर फेकतं. रुकय्या तोंडावर अबायाचा काळा पदर ओढून गदगदा हसत होती. कुणालाही कुणाची भाषा लागत नव्हती, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. सत्यवतीला वाटलं, पडद्यावरचा हाही आपल्यासारखाच मौन धरून आहे की काय.

घोडा तिसऱ्यांदा खाली बसला तेव्हा तिला हसू आवरलं नाही. चांगलं मोठ्याने फुटलं. लगेच तिने पदर तोंडावर दाबला. व्रत मोडलं की काय? अ‍ॅग्नेस नर्स, तिला चेहरा बघून दुखणं कळायचं. ती कानाशी हळूच म्हणाली, "हसणं म्हणजे बोलणं नव्हे गं. देवाला एवढं कळतं."

शेवटी तो लुकडा चोराच्या मागे छपरावर चढला. कड आली, चोर बाजूला झाला, आणि हा हवेत. सत्यवतीने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो घोड्यांच्या पाण्याच्या टाकीत बसलेला होता आणि टोपीतून पाणी गळत होतं. सगळे हसले. विठ्ठल हसला नाही. तो उठून दाराकडे निघाला.

तेवढ्यात निकोलसची चूक झाली. रीळ मागे गुंडाळायला त्याने मशीन उलटं फिरवलं आणि आतला दिवा घालवायचा राहून गेला.

चादरीवर जमिनीवरचं पाणी गोळा झालं. थेंब थेंब उडून टाकीत परतले. पाण्यातून तो माणूस वर आला, कोरडा ठक्क, पाय आधी, मग धड. कुणी अलगद उचलावं तसा तो हवेतून वर वर गेला आणि छपराच्या कडेवर दोन पायांवर उभा राहिला. मागोमाग टोपी आली आणि डोक्यावर बसली.

सत्यवतीचे हात आपोआप जोडले गेले. सहा महिने जे तिला मनात एकदाही जमलं नव्हतं, ते तिच्याच चादरीवर घडत होतं. पडलेला माणूस जिथून पडला तिथे परत ठेवला जात होता. निकोलस गडबडून दिवा घालवायला गेला, तर दारातून विठ्ठल म्हणाला, "ऱ्हवांदे. परत लाव."

निकोलसने तेवढाच तुकडा पुढे सोडला, मागे घेतला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. विठ्ठल हळूहळू चादरीच्या अगदी जवळ आला आणि बायकोशेजारी उकिडवा बसला. तो कामगाराच्या नजरेने बघत होता, सांधा तपासावा तसा.

"तेचे हात बघ," तो सत्यवतीला म्हणाला. "रिकामे आसत. म्हणान लागूक नाय तेका."

एरवी तिने लगेच काहीतरी विचारलं असतं आणि तो गप्प झाला असता. आज तिला विचारता येत नव्हतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. छपरावरून तो लुकडा आणखी एकदा पडला, आणखी एकदा वर गेला.

"माझ्या हातात पानो होतो," विठ्ठल पडद्याकडे बघतच म्हणाला. "घामान निसटाक लागलो. खाली जैनुद्दीन वेल्डिंग करी होतो, डोक्यार टोपी नाय. पानो सुटलो असतो तर तो ऱ्हवतो नाय होतो. म्हणान तो दोनय हातांनी धरूक मी पाइप सोडलंय. पानो सोडूक नाय."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ओठ मिटलेलेच होते. म्हणजे तोल गेला नव्हता, चक्कर आली नव्हती. वर असताना त्याच्या हाताने एका माणसाचा जीव धरून ठेवला होता. हे त्याला कुणी विचारायला हवं होतं, असं नव्हतंच. कुणीतरी गप्प बसायला हवं होतं.

मशीन बंद झालं, घोंगड्या उतरल्या. निकोलसला झल्लाक गाठायचं होतं, तो आणि अ‍ॅग्नेस मशीन गाडीत ठेवायला गेले. चादर तेवढी वर लटकत राहिली. विठ्ठलने शिडीकडे पाहिलं, हात शर्टाला पुसले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरी. तिसरीवर थांबला. सत्यवती धावली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. तिसऱ्या पायरीवर तो किती वेळ होता कोण जाणे, तिचं मनातल्या मनात देवीचं नाव एकवीस वेळा म्हणून झालं. मग चौथी पायरी करकरली. पाचवी, सहावी.

तुळईपाशी पोचल्यावर त्याने खाली न बघता विचारलं, "धरलंस मा?"

सूर्य अजून बुडाला नव्हता. तिने बांगड्या शिडीच्या लाकडावर वाजवल्या.

वर गाठ सुटली आणि चादरीचं एक टोक तिच्या अंगावर आलं. पांढऱ्या उजेडात तिला काहीच दिसेना, फक्त वरून त्याचं हसू ऐकू आलं, सहा महिन्यांनी, त्या घोड्याची आठवण झाल्यासारखं. तो उतरला, शिडी दुसऱ्या टोकाला नेली आणि न थांबता पुन्हा चढला.

दिवेलागणीला तिने देवीपुढे समई लावली. राहिलेले पाच शुक्रवार ती करणारच होती, आता फेडायचे म्हणून. नमस्कार करून ती उठली. दिवसभराचं साचलेलं किती काय ओठांवर होतं. विठ्ठल दाराशी बसून कामाचे बूट पुसत होता.

"उद्या डब्यात काय देऊ?" तिने विचारलं.

"घावने दी," तो म्हणाला. "चार ज्यास्त घाल. जैनुद्दीनाक आवडतत."